सात जणींचा कारभार



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपणही चार ओळी लिहाव्यात, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणे मला जमणार नाही. परंतु आपल्यासारख्याच घरसंसारी बायकांनी घडवलेला एक इतिहास मला ठाऊक आहे, तो सांगते. यंदाच्या उन्हाळ्यात मंडळातर्फे वाळवणाचे काम सुरू करावे असे आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या मनात आहे. त्या दृष्टीनेही तो उपयोगी पडेल.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासात राहणाऱ्या सात गुजराती गृहिणी गच्चीवर पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांपैकीच एक. शिक्षण बेताचे, घरची मिळकतही बेताची. बाहेर नोकरी मिळण्यासारखी नव्हती. हातात कला होती ती पापड लाटण्याची. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. लोक त्यांना आदराने छगनबापा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले आणि ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने विकायला घेतले. ‘लिज्जत’ हे आज घरोघरी ठाऊक असलेले नाव पुढे १९६२ साली पडले.

आरंभीच सातही जणींनी एक निश्चय केला. तोटा आला तरी चालेल, पण कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही. काम दयेवर चालवायचे नाही, व्यवहाराने चालवायचे.

सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करीत, एक चांगले आणि एक स्वस्तातले. छगनबापांनी सांगितले की एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब चोख लिहा. बायकांनी ते मानले. पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा! अडचण आली की कपाळाला हात लावून बसायचे नाही, चौघींनी मिळून तोड काढायची, हा त्यांचा स्वभाव यावरून दिसतो. पहिल्या वर्षी विक्री झाली ६,१९६ रुपयांची.

तीन वर्षांत बायका तीनशेंच्या वर गेल्या. गच्ची कशी पुरणार? मग मळलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, अशी पद्धत पडली. आणलेला माल तपासून, तोलून घेतात आणि लाटण्याची मजुरी देतात. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. १९६८ मध्ये गुजरातेत वालोड येथे शाखा निघाली. आज चाळीस हजारांहून अधिक भगिनी या कामात आहेत. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली.

आता प्रश्न असा की चार बायका एकत्र आल्या की भांडणे होतात म्हणतात, मग हजारो जणींचे कसे जमले? मला वाटते, याचे कारण त्यांच्या कारभाराच्या रीतीत आहे. तिथे प्रत्येक भगिनी मालकीण आहे. नफा असो वा तोटा, तो सर्वांचा. जातधर्म कुणी विचारीत नाही. निर्णय शक्यतो एकमताने घेतात. आणि मुख्य म्हणजे, कारभार पाहणाऱ्या भगिनी बाहेरून आणलेल्या नसतात. लाटणे हातात धरूनच त्या वर येतात. पीठ सैल झाले की पापड कसा चिकटतो हे जिला स्वतःच्या हाताने ठाऊक आहे, तिने एखादीचा माल परत केला तरी तो अपमान वाटत नाही.

याच्या उलटही मी पाहिले आहे. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही राहत होतो त्या चाळीत सात-आठ बायकांनी मिळून पापड-कुरडयांचे काम काढले होते. माल उत्तम, गिऱ्हाईकही भरपूर. परंतु पैसे एकीच्याच हाती आणि हिशेब तिच्या तोंडी. ती बाई प्रामाणिक होती, पै इकडची तिकडे झाली नसेल. तरी दिवाळीच्या सुमारास कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले, “आमच्या वाट्याला एवढेच कसे?” तिला ते फार लागले. काम मोडले, आणि शेजारीशेजारी राहणाऱ्या दोघी पुढे तीन वर्षे एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकीच्या मुलीच्या लग्नालाही दुसरी गेली नाही. चोरी कुणीच केली नव्हती. उणीव होती ती एका वहीची. विश्वास असला म्हणजे वही कशाला, असे आपण म्हणतो. पण तो विश्वास टिकवण्यासाठीच वही लागते.

म्हणून माझी मंडळाला नम्र सूचना आहे. वाळवणाचे काम अवश्य काढावे. मात्र जमाखर्चाची वही मंडळाच्या खोलीत टेबलावर उघडी असावी. कुणीही यावे आणि वाचावे, जिला वाचता येत नाही तिला दुसरीने वाचून दाखवावे. मालाची पारख अध्यक्षीणबाईंच्या पापडालाही तीच आणि नव्याने आलेल्या सुनेच्या पापडालाही तीच असावी. जी प्रमुख होईल तिने आठवड्यातून निदान दोन दिवस पोळपाटाशी बसावे. प्रमुखपण दरवर्षी पाळीने फिरवावे, म्हणजे ओझे एकीवर पडणार नाही आणि रुबाबही एकीकडे साचणार नाही.

गाव करी ते राव न करी, असे आपल्याकडे म्हणतात. पण त्या गावालाही काही रीत लागते. त्या सात जणींनी ती पहिल्या चार पाकिटांपासूनच लावून घेतली. आपण ती पहिल्या किलोपासून लावून घेऊ या. उडदाची डाळ आणायला निघण्याआधी वही आणावी, एवढेच माझे मागणे आहे.