झाकणे आणि राखणे

विंडोजच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये एक पर्याय वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे: ऑपरेटिंग सिस्टिमच्या 'प्रोटेक्टेड' फाइली लपवा. यातला 'प्रोटेक्टेड' हा शब्द फसवा आहे. ज्या फाइलीवर 'हिडन' आणि 'सिस्टिम' या दोन्ही खुणा आहेत, तिलाच हा पर्याय संरक्षित म्हणतो. प्रत्यक्षात ती फक्त झाकलेली असते. झाकणे आणि राखणे यांची ही गल्लत जुनी आहे, आणि झाकण्याचा जन्मच मुळात सोयीपोटी, एके ठिकाणी तर चक्क चुकून झालेला आहे. बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत असताना प्रत्येक फोल्डरमध्ये 'हाच फोल्डर' आणि 'वरचा फोल्डर' अशा अर्थाच्या, एक टिंब व दोन टिंबे या नावांच्या नोंदी आल्या. त्या यादीत दिसू नयेत म्हणून नाव टिंबाने सुरू होत असेल तर ते गाळायचे, असा आळशी नियम लिहिला गेला. पूर्ण नाव तपासायला हवे होते, हे तिथेच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिले. तोवर असंख्य प्रोग्रामांनी आपापल्या सेटिंग्ज टिंबाआड दडवायची प्रथा पाडली होती.

१९८१ च्या पीसी-डॉसमध्ये लपवणे हेतुपूर्वक होते. आयबीएमबायो आणि आयबीएमडॉस या दोन फाइलींवर संगणक सुरू होई, आणि फाइलींची यादी दाखवणारी 'डिर' कमांड दिल्यावर त्या दिसत नसत. पण डॉसला वापरकर्ता कोण, त्याचा अधिकार कोणता, हे ठाऊकच नव्हते. कोणताही प्रोग्राम ती खूण पुसू शके. विंडोजच्या जगात कुलूप आले ते १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर, प्रत्येक फाइलीला परवानग्यांची यादी जोडून. घरगुती विंडोजपर्यंत ते पोचायला २००१ ची एक्सपी यावी लागली, आणि तिथेही बहुतेक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच वावरत, म्हणजे किल्ली कुलपालाच लटकलेली.

यावर कोणी म्हणेल, नवख्याच्या हातून काही पुसले जाऊ नये म्हणून झाकण पुरेसे आहे. धांदलीतल्या चुकीपुरते हे खरे. पण २००१ मध्ये 'सल्फएनबीके' ही विंडोजचीच निरुपद्रवी फाइल व्हायरस आहे, अशी ईमेल फिरली आणि लोकांनी ती शोधून शोधून पुसली. शोधायचे कसे, हे ईमेलमध्येच सांगितले होते. फाइल झाकलेली असती तर झाकण कसे काढायचे तेही सांगितले असते. शिवाय आडोसा चोरालाही मिळतो. पेनड्राइव्हवरचे व्हायरस लोकांच्या फोल्डरांवर त्याच दोन खुणा मारून शॉर्टकट समोर ठेवत. मग कुणाचा कॉलेजचा प्रोजेक्टही 'ऑपरेटिंग सिस्टिमची संरक्षित फाइल' ठरे, आणि तो परत दिसावा म्हणून 'ॲट्रिब' कमांड द्यावी लागे. २००५ मध्ये उघडकीला आलेले सोनी बीएमजीचे सीडी-सॉफ्टवेअर तर ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाइल विंडोजपासूनच लपवी. त्या आडोशाचा फायदा पुढे इतरांच्या व्हायरसांनी घेतला.

कुलपावरचा आक्षेप मात्र जास्त वजनदार आहे. २००७ च्या व्हिस्टात सिस्टिम फाइलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या सेवेकडे गेली; २०१५ पासून मॅकवर 'रूट' या सर्वाधिकारी खात्यालाही सिस्टिम फोल्डरात लिहिता येईना. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात मालकाने भाडेकरूसारखे का राहावे? तरीही मला कुलूपच अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते निदान समोर दिसते: मॅकवर रिकव्हरीत जाऊन ते काढता येते, विंडोजवर मालकी स्वतःकडे घेता येते, आणि दोन्ही ठिकाणी आपण काय करतो आहोत हे माणसाला ठाऊक असते.