पुण्यातील आर्य महिला समाज : उदय आणि अस्त

स्त्रियांच्या प्रश्नांचा विचार स्त्रियांनीच एकत्र येऊन करावा, या हेतूने महाराष्ट्रात निघालेल्या आरंभीच्या संस्थांपैकी आर्य महिला समाज ही एक होय. पंडिता रमाबाई यांनी १८८२ मध्ये पुण्यात तिची स्थापना केली. पतिनिधनानंतर तान्ह्या मनोरमेसह पुण्यास आलेल्या रमाबाई तेव्हा जेमतेम २४ वर्षांच्या होत्या. न्या. महादेव गोविंद रानडे आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींचे त्यांना पाठबळ लाभले. बालविवाहास विरोध, मुलींचे शिक्षण आणि विधवांची दुरवस्था दूर करणे, हे समाजाचे प्रमुख उद्देश होते.

समाजाच्या सभांना जाणे हेच त्या काळी मोठे धाडस होते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्यामुळे किती रोष पत्करावा लागला, हे रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात नोंदवले आहे. तरीही त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगाच्या स्वागतास समाजातर्फे सुमारे ३०० स्त्रिया जमल्या. पंडिता रमाबाईंनी आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. रमाबाई रानडे यांनी पुण्यातील काम पुढे चालवले. परंतु पूर्वीचा जोम राहिला नाही. सभासद स्त्रियांना स्वतःचे उत्पन्न नव्हते. घराबाहेर पडण्यासही कुटुंबाची संमती लागे. संशय बळावताच ही संमती डळमळीत झाली. १८९३ मध्ये शारदा सदनावरही धर्मांतराच्या आरोपामुळे असेच संकट आले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले.

मुंबईतील शाखा मात्र पुढे दीर्घकाळ कार्यरत राहिली. पुण्यात या कार्याचा वारसा अधिक स्थिर पायावरील संस्थांकडे गेला. १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली, १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन उभे राहिले. या संस्थांनी शिक्षण आणि परिचर्येसारखे व्यवसाय देऊन स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले. साप्ताहिक सभांना जे साधता आले नाही, ते या स्वावलंबनाने साधले.