राब आणि पाचोळा

वैशाखात पहाटे उठलो की हरसूलच्या हवेत अजूनही धुराचा वास असतो. कुठेतरी राब भाजलेला असतो.

राब म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना सांगायला हवे. भात आणि नागलीचे रोप जिथे करायचे तेवढ्या तुकड्यावर शेण, झाडाचे टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर देतात, वर बारीक माती पसरतात आणि सावकाश जाळतात. पहिल्या पावसाला त्या राखेत बी फेकायचे, रोप हातभर झाले की आवणी.

मी इथे शिक्षक म्हणून आलो तेव्हा हा प्रकार मला निव्वळ अडाणीपणा वाटे. एकदा फळ्यावर लिहूनच दिले, 'पालापाचोळा जाळू नये, तो जमिनीवर पसरावा.' एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, मग रोप कशात करायचं?" मी त्याला खाली बसवले. उत्तर मला येत नव्हते, हे खरे कारण.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळले की हा वाद फार जुना आहे. १८७८ च्या वनकायद्यानंतर सरकारी जंगलातले टहाळ तोडण्यावर बंधने आली. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांचे म्हणणे, राबाशिवाय भात होत नाही. जंगलखात्याचे म्हणणे, राबापायी झाडे संपतात. प्रकरण इतके तापले की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे इंग्लंडहून आलेले रसायनतज्ज्ञ व्होएल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. रयत मूर्ख आहे, असे गृहीत धरून ते लिहीत नाहीत. (मी मात्र तेच गृहीत धरले होते.)

मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा अभ्यास केला. तो १९१२ साली छापला गेला. राबाचा गुण एकट्या राखेत नाही, मातीला लागलेल्या आचेतही आहे, असे त्यांना आढळले. भाजल्याने तणाचे बी मरते, हे तर इथली कुठलीही म्हातारी सांगेल.

म्हणजे पाचोळा पसरणे चूक का? तसेही नाही. माझ्या परसातल्या आंब्यांना मी गेली काही वर्षे सागाच्या पानांचे आणि भाताच्या पेंढ्याचे आच्छादन करतो. उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आले. इथल्या उतारावर पावसाचा मार थेट मातीवर बसत नाही, ती वाहून जात नाही. खालची पाने कुजून काळी झाली, गांडुळे आली. पहिल्या वर्षी मात्र मी पाचोळा थेट बुंध्याला टेकवला आणि वाळवीने दोन कलमे खाल्ली. आता वीतभर जागा मोकळी सोडतो.

जपानच्या फुकुओकांनी भातशेतीतही पेंढा पसरून पिके घेतली. पण तिथला पाऊस वेगळा, जमीन वेगळी.

तो उभा राहिलेला मुलगा आता पन्नाशीचा आहे. परवा आला होता. पायाच्या अंगठ्याने पाचोळा बाजूला सारून बघितला आणि म्हणाला, "झाडाला बरं आहे, गुरुजी. पण नागलीचं एवढंसं बी याच्या खालून वर कसं येणार?"

या वेळी मी त्याला बसवले ते खाटेवर, चहा दिला, आणि कबूल केले की येणार नाही. मग बराच वेळ बोललो. यंदा त्याने एक वाफा नेहमीसारखा भाजलाय, दुसरा न भाजता नुसत्या कुजलेल्या शेणखतावर ठेवलाय. वाचलेला पाचोळा बांधावरच्या आंब्यांना घातलाय. आवणीच्या वेळी दोन्हींची रोपे बघायला बोलावतो म्हणाला.