तळटीप : ‘रंगावरून इंजिन ओळखणे’

पुणे–मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. पुढे सातारा, कराड, सांगलीच्या फलाटांवर डब्ल्यूडीएम-२ ही २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने नेहमीची झाली. (डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी व माल दोन्हींसाठी.) त्यांचे रंग देशभर एकसारखे नसत. देखभाल करणारी शेड आपले रंग नि पट्टे निवडी, अंगावर आपले नावही रंगवी. त्यामुळे कोयना किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेस दुरून दिसली, की नाव वाचता येण्याआधीच इंजिन पुण्याचे की परक्या शेडचे, हे रेल्वेप्रेमी सांगत. जुन्या रंगांवरचा त्यांचा जीव मला निव्वळ हळवेपणा वाटत नाही. त्या रंगांत शेडमधल्या कामगारांचा अभिमान होता. विद्युतीकरणानंतर ही इंजिने इथे विरळच दिसतात. — संपादक