मुरूडच्या काळ्या पट्ट्यांचं कुळ

ओहोटी लागली की मुरूडच्या आसपास किनाऱ्याच्या कातळात अरुंद पट्टे उघडे पडतात. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. आधीच्या लाव्ह्याला तडा गेला, खालून शिलारस घुसला आणि तिथेच थिजला. बहुतेक डाइक बेसाल्टच्या जातकुळीचे. काही मात्र लॅम्प्रोफायरचे, आणि त्यांचं गोत्र निराळं: सिलिका कमी, सोडियम-पोटॅशियम जास्त, शिवाय पाणी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर. याच गोतावळ्यातला विक्षिप्त भाऊबंद म्हणजे कार्बोनॅटाइट. त्यात निम्म्याहून अधिक खनिजं कॅल्साइट-डोलोमाइटसारखी कार्बोनेट, आणि तरीही जन्म शिलारसातून.

हे जाणकारांनाही पचलं नव्हतं. चुनखडक घडतो समुद्रात आणि भट्टीत घातला की त्याचा चुना होतो. तो वितळणार कसा? नॉर्वेतल्या फेन परिसरावर लिहिताना ब्रॉगर यांनी १९२१ साली कार्बोनॅटाइट हे नाव रूढ केलं. तीनच वर्षांनी बोवेन यांच्यासारख्या दिग्गजानं त्याचा अग्निजन्म नाकारला. वादाचं पारडं फिरलं ते १९६० च्या सुमारास. वायली आणि टटल यांनी दाखवलं, की दाबाखाली पाणी हजर असेल तर कॅल्साइट साधारण ६५० अंश सेल्सिअसला वितळू लागतो. बेसाल्टला हजाराच्या वर लागतात. त्याच सुमारास टांझानियातल्या ओल दोइन्यो लेंगाई ज्वालामुखीत डॉसन यांनी कार्बोनेटचा लाव्हा वाहताना पाहिला. मग नाकारणार काय?

आपल्याकडचा पुरावा १९६३ चा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे सुखेश्वाला आणि त्यांच्याबरोबर उदास यांनी गुजरातेत, छोटा उदेपूर भागात, अंबाडोंगरचा कार्बोनॅटाइट जाहीर केला. खरं तर आम्लाचा थेंब टाकला तर साधा चुनखडकही फसफसतो आणि हाही. ओळख पटते ती सोबत्यांवरून: अ‍ॅपेटाइट, मॅग्नेटाइट, नायोबियम बाळगणारा पायरोक्लोर, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा बास्टनेसाइट. अंबाडोंगरचं फ्लोराइट तर खाणीतून काढलं गेलं. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचाच काळ.

मुरूडला कार्बोनॅटाइटचा असा डोंगर नाही. काही कार्बोनॅटाइट शिलारसातून दूध फाटावं तसे वेगळे होतात, सिलिकेट एकीकडे, कार्बोनेट दुसरीकडे. मुरूडचा रस, मला वाटतं, ही फाटाफूट होण्याआधीच वर निसटला असावा. तो घाईत होता एवढं नक्की. कारण त्यानं प्रावरणातले ऑलिव्हिनयुक्त हिरवट दगड, स्पिनेल लर्झोलाइट, तीसेक किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवरून उचलून आणले आहेत. रसापेक्षा जड असे हे तुकडे संथ प्रवासात केव्हाच तळाला बसले असते. इथल्या कवचाखाली काय आहे, ते सांगणारा इतका थेट नमुना कोणत्याही बोअरवेलनं आजवर दिलेला नाही.

डाइक ज्यांत भरले ते तडे किनाऱ्याला समांतर धावतात. ते का, याचं उत्तर समुद्रापलीकडे आहे. दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटत होता, आणि तिथल्या सिल्हूट बेटावरचे अल्कयुक्त सायनाइट याच काळाचे आहेत.