एका जुन्या पंखाची कैफियत

२२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसच्या मोन्सो उद्यानावर आंद्रे-झाक गार्नरँ याने आपली टोपली बलूनपासून विलग केली, तेव्हा शिखराशी छिद्र नसलेल्या त्याच्या छत्रीत कोंडलेली हवा कडेने वाट काढू लागली आणि टोपलीला भयंकर हेलकावे बसू लागले; तरीही तो जिवंत उतरला. पुढे दीड शतकाहून अधिक काळ पॅराशूटकडून एवढीच अपेक्षा राहिली, की पडणाऱ्या देहाचा वेग त्याने हरण करावा. भूमीजवळ येताना तो वेग बुद्धिपुरस्सर वाढवावा, हा विचार संभवण्यापूर्वी छत्रीने पंखाचा धर्म स्वीकारणे अवश्य होते.

ते परिवर्तन घडविले फ्लोरिडातील पतंगकार डॉमिना जाल्बर्ट यांनी. १९६४ साली अर्ज करून १९६६ मध्ये त्यांनी ज्याचे पेटंट मिळविले, तो पंख पुढून उघड्या अशा अनेक कप्प्यांचा होता. समोरून शिरणारी हवाच त्याला आकार व ताठपणा देत असे. पुढे सच्छिद्र नायलॉनऐवजी हवा मुळीच आरपार न जाऊ देणारे, सिलिकॉनचा लेप दिलेले कापड प्रचारात आले. त्यामुळे लहान पंखावर अधिक भार घेणे शक्य झाले, आणि भाराबरोबर वेग वाढतोच.

या स्थित्यंतराचे फळ म्हणजे परफॉर्मन्स डिझाइन्स या अमेरिकन कारखान्याने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बाजारात आणलेली, नऊ सेलची, म्हणजे कप्प्यांची, लंबवर्तुळाकार कॅनपी (पंखरूपी छत्री) स्टिलेटो. हातातील टॉगलला, म्हणजे ब्रेकच्या मुठीला, जरासा ओढा दिला तरी ती तत्काळ वळे, आणि तिच्याखालून उतरणारा तृणाग्रांवरून दूरवर सरपटत जाई. एका पिढीच्या मनात वेगवान भूस्पर्श म्हणजे स्टिलेटो हेच समीकरण ठसले. परंतु हा वेग मिळविण्याची रीत मोठी कठोर होती. वळण घेऊन पंखाला खाली झेपावू द्यायचे, आणि झेपेतून सावरल्यावर उरलेला वेग जमिनीला समांतर खर्चायचा. स्टिलेटो मात्र झेपेतून फार लवकर सावरते, म्हणून वेग हातचा जाऊ नये यासाठी वळण भूमीच्या अगदी निकट आरंभावे लागे, आणि अंदाजात किंचित चूक झाली तर ती दुरुस्त करण्यास उंचीच शिल्लक नसे. संपूर्ण उघडलेल्या, सर्वथा निर्दोष पॅराशूटखाली त्या काळी किती तरुण प्राणांस मुकले, हे आठवले की मन विषण्ण होते.

नंतरच्या रचनाकारांनी हीच अडचण हेरली. दोऱ्यांच्या लांबीचे परस्परप्रमाण बदलून पंखाचे नाक अधिक खाली कलविले, सेलच्या आत तिरप्या पडद्या शिवून पृष्ठ सपाट राखले. परिणामी व्हेलॉसिटीसारखी नंतरची कॅनपी दीर्घकाळ झेपेत राहते, वळण पुष्कळ उंचावर सुरू करता येते, आणि पुढचे रायझर, म्हणजे दोऱ्या ज्यांना जोडलेल्या असतात ते पट्टे, ओढून ती झेप हळूहळू घडविता येते. २००६ साली व्हिएन्ना येथे अशा झेपावत्या उतरण्याच्या विद्येची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. अंतर, वेग आणि अचूकता यांच्या तशा कसोट्यांत आज स्टिलेटो घेऊन उतरणाऱ्यास यशाची आशा धरता येणार नाही. हा दोष वयाचा नव्हे, रचनेचाच.

वयाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कापडापेक्षा दोऱ्यांशी अधिक निगडित आहे. सिलिकॉनचा लेप दिलेले कापड नीट सांभाळल्यास हजारो उड्या टिकते. पण पॅराशूट उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या स्लायडर या कापडी तुकड्याच्या घर्षणाने स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या तापतात व आखडतात, त्याही सर्व सारख्या नव्हे, तर कडेच्या आणि ब्रेकच्या अधिक. तेव्हा पंखाचा मूळ तोल हळूहळू ढळतो, आणि टॉगल वर सोडूनही ब्रेक किंचित ओढलेलेच राहतात. अनेकदा मालक ज्याला कॅनपीचा स्वभाव समजतो, तो या आखडलेल्या दोऱ्यांचा परिणाम असतो. दोऱ्या बदलल्या की जुनी स्टिलेटो पुन्हा तशीच चपळ होते.

माझा निवाडा असा: ज्याला केवळ सरळ येऊन, डौलदार व वेगवान उतरायचे आहे, त्याला दोऱ्या बदललेली, जाणत्या रिगरने, म्हणजे पॅराशूटच्या तंत्रज्ञाने, तपासलेली स्टिलेटो आजही उत्तम साथ देईल, परंतु मोठी वळणे घेऊन झेपावण्याची विद्या जो शिकू पाहतो, त्याने स्वस्तात मिळते म्हणून ती विकत घेऊ नये, आणि जिची झेप दीर्घ आहे अशाच कॅनपीवर, अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आरंभ करावा.