विंडोजच्या तीन तारखा आणि कंपनीची तिजोरी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. संगणक नेहमीसारखाच सुरू होतो, त्यामुळे काही बदललंय हे बऱ्याच जणांना कळलंच नाही. पण सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या येणं थांबलं. दार जागेवर आहे, कुलूप दुरुस्त करणारा माणूस गेला.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो तेव्हा एक्सपी नवी होती. पुढे आमच्या साप्ताहिकाची पानं कितीतरी वर्षं एक्सपीवरच लागली, कारण जुने मराठी फाँट त्याच मशीनवर होते. सपोर्ट बंद झाला तेव्हा वाटलं, कंपनीला जुनं सांभाळणं परवडत नसेल. आता तारखा शेजारी शेजारी मांडून बघतो तर चित्र वेगळं दिसतं.

सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ४० अब्ज डॉलरचा बायबॅक जाहीर केला. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला. सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा ४० अब्ज. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा सपोर्ट संपला. सप्टेंबर २०२४ मध्ये ६० अब्ज. पुढच्या वर्षी विंडोज १० चा नंबर.

बायबॅक म्हणजे काय? कंपनी स्वतःचेच शेअर विकत घेते. शेअर कमी झाले की तोच नफा कमी जणांत वाटला जातो आणि प्रत्येक शेअरचा वाटा वाढतो. अमेरिकेत १९८२ च्या एका नियमाने ही वाट मोकळी केली. आपल्याकडे १९९९ मध्ये कायदा बदलला. मुंबईच्या टीसीएसने २०१७ मध्ये १६ हजार कोटींचा बायबॅक केलाच की.

आता न्यायाने बोलू. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. सपोर्ट संपायच्या तारखा कंपनी वर्षानुवर्षं आधी सांगते. बायबॅक बेकायदा नाही. आणि दहा वर्षं दुरुस्त्या पुरवणं ही काही थोडकी गोष्ट नाही. माझा मुद्दा एवढाच की, जुनं बंद होतं ते पैसे नाहीत म्हणून नव्हे. तो धंद्याचा निर्णय असतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांचं काम अडवलं, तेव्हा कंपनीने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीलाही मोफत दुरुस्ती दिली होती. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

या निर्णयाचा खर्च मात्र खाली येतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. धडधाकट मशीनही त्यात बसत नाही. जुन्यावरच राहायचं तर कार्यालयांना पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर, नंतर दरवर्षी दुप्पट. पतसंस्था, छापखाना यांनी हा हिशेब कुठून जमवायचा?

तेव्हा आज एवढं करा: आपल्या ऑफिसात कोणती विंडोज आहे ते बघा, महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, आणि मशीन भंगारात घालण्याआधी जाणकाराकडून लिनक्स चालवून पाहा. शेअरहोल्डरची काळजी घ्यायला कंपनी आहे. आपली आपल्यालाच घ्यायची आहे.